नाचणी किती टक्के?

संध्याकाळच्या चहाबरोबर खारी नाहीतर टोस्ट, हा पुण्यातल्या घरांचा जुना शिरस्ता. अलीकडे त्यात फरक पडू लागला आहे. रक्तातली साखर वाढल्याचा रिपोर्ट येतो, डॉक्टर मैदा कमी करायला सांगतात आणि खारीचा डबा रिकामा होतो. त्याच्या जागी एक पाकीट येते. तपकिरी किंवा हिरव्या रंगाचे, वर कणसाचे चित्र आणि "मल्टिग्रेन", "होल व्हीट", "नाचणी", "ओट्स" किंवा "डायजेस्टिव्ह" असा एखादा शब्द. त्याला क्रॅकर म्हणा, नाहीतर कुरकुरीत खारे बिस्कीट म्हणा. सुपरमार्केटमध्ये या पाकिटांना आता स्वतंत्र कप्पे आहेत आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही ती टांगलेली दिसतात. साध्या बिस्किटांपेक्षा ती महाग असतात, आणि जास्त पैसे मोजले म्हणजे तब्येतीची काळजी घेतली असे घरच्यांना वाटते.

काळजीचे कारण हे समाधानच आहे. खारी खाणारा माणूस दोन खाऊन हात आखडतो, कारण ती आपल्यासाठी बरी नाही हे त्याला ठाऊक असते. पाकिटावर "नाचणी" वाचलेला माणूस बोलता बोलता अर्धे पाकीट संपवतो. ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीतून श्रूजबेरी आणणाऱ्याला आपण लोणी, साखर आणि मैदा विकत घेतोय याबद्दल शंका नसते. त्या व्यवहारात लपवाछपवी नाही. ती औषधासारख्या रुपड्यात विकल्या जाणाऱ्या खाऊत असते.

ही बाब पुण्यात जास्त गंभीरपणे घ्यायला हवी, कारण आपल्या शरीराची एक खोड याच शहरातल्या संशोधनाने जगासमोर आणली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. मात्र शरीरातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीयुक्त, असा हा भारतीय देह. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या माता-बाल अभ्यासात तो जन्मापासूनच तसा असल्याचे दिसले. म्हणजे "मी कुठे जाड आहे?" असे म्हणत चारदोन बिस्किटे जास्त खाणे आपल्याला परवडत नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे सांगितले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले त्याहून अधिक, सुमारे १३ कोटी ६० लाख. चहाबरोबर "हेल्दी" पाकीट उघडणारा माणूस बहुधा या दोनपैकी एका गटातला असतो, किंवा त्याच्या घरातले कोणीतरी असते.

आता "अख्खे धान्य" म्हणजे काय ते पाहू. धान्याच्या दाण्याचे तीन भाग असतात: बाहेरचा कोंडा, आतला पिष्टमय गाभा आणि टोकाशी असलेला इवलासा अंकुर. फायबर मुख्यतः कोंड्यात असते. अंकुरात स्निग्धांश आणि जीवनसत्त्वे असतात, तर गाभ्यात स्टार्च आणि थोडी प्रथिने. तिन्ही भाग मूळ प्रमाणात शिल्लक राहिले तर ते पीठ अख्ख्या धान्याचे. गिरणीतून दळून आणलेली, फारशी न चाळलेली कणीक तशी असते. मैदा म्हणजे फक्त गाभा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कणकेत ११ ग्रॅमहून थोडे अधिक फायबर असते, तेवढ्याच मैद्यात पावणेतीन ग्रॅम. ज्वारीत सुमारे १०, बाजरी आणि नाचणीत ११ ग्रॅमच्या आसपास. प्रथिनांच्या बाबतीत मात्र मैदा आणि कणीक जवळजवळ सारखेच. त्यामुळे पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा पाहून काही कळत नाही, फायबरचा पाहावा लागतो.

मग बिस्कीट कंपन्या सरळ नाचणीचीच बिस्किटे का करत नाहीत? याचे उत्तर पिठाच्या स्वभावात आहे. कारखान्यात पिठाचा लांबलचक पातळ पट्टा लाटला जातो, तो यंत्रावरून सरकतो, साच्याने कापला जातो आणि भट्टीत जातो. हा पट्टा तुटू नये म्हणून त्यात ताण हवा. तो ताण गव्हातल्या ग्लुटेनमुळे येतो. नाचणी, ज्वारी, बाजरीत ग्लुटेन नसते; त्यांचे पीठ ताणले की फाटते. कणीक वापरली तरी कोंड्याचे कण ग्लुटेनचे जाळे कापत जातात, पाणी जास्त शोषतात आणि बिस्कीट जड, खरबरीत होते. शिवाय अंकुरातले तेल काही महिन्यांत खवट होते, आणि पाकीट तर दुकानात महिनोन्महिने टिकायला हवे. म्हणून पाया मैद्याचा राहतो, त्यात खुसखुशीतपणासाठी तेल जाते, चवीसाठी साखर आणि मीठ, आणि शेवटी पाकिटावर नाव देता येईल एवढे नाचणीचे पीठ. काही कंपन्या खरोखर अधिक प्रमाणात अख्खे धान्य वापरतात हेही मान्य केले पाहिजे. पण त्या आणि इतर यांच्यात फरक कसा करायचा? पुढच्या बाजूवरून तो करता येत नाही. दोघांच्याही पाकिटावर तेच कणीस असते.

पाकीट उलटे करा. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देणे कायद्याने बंधनकारक आहे. पहिला शब्द मैदा किंवा रिफाइंड गव्हाचे पीठ असेल, तर समोर काहीही लिहिलेले असले तरी ते मैद्याचे बिस्कीट आहे. आणखी एक नियम फारसा कोणाला माहीत नसतो. एखाद्या घटकाचा शब्दाने किंवा चित्राने ठळक उल्लेख केला असेल, तर त्याचे प्रमाण किती टक्के हे कंपनीने छापलेच पाहिजे. म्हणजे नाचणीचे चित्र असेल तर मागे कुठेतरी बारीक अक्षरांत तिचा आकडा असतो. तो शोधा.

समजा तो ६ टक्के आहे. १०० ग्रॅम बिस्किटांत ६ ग्रॅम नाचणी, म्हणजे चार बिस्किटांच्या २५ ग्रॅममध्ये दीड ग्रॅम. बहुतेकजण नाचणी खातात ती कॅल्शियमसाठी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे या चार बिस्किटांतल्या नाचणीतून मिळाले साडेपाच मिलिग्रॅम. प्रौढ माणसाची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम. नाचणीची ४० ग्रॅम पिठाची एक भाकरी सुमारे १४५ मिलिग्रॅम देते. हाडांसाठी म्हणून आजीला नाचणीची बिस्किटे आणून देणाऱ्या नातवाने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

"मल्टिग्रेन" हा शब्द तर आणखी पोकळ. त्याचा अर्थ एवढाच की धान्ये एकापेक्षा जास्त आहेत. ती अख्खी आहेत की कोंडा काढलेली, आणि किती आहेत, यावर तो शब्द काहीच बोलत नाही. "डायजेस्टिव्ह"ची गोष्ट मजेशीर आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये हे बिस्कीट निघाले तेव्हा त्यातल्या खाण्याच्या सोड्यामुळे पचनाला मदत होते असा समज होता. समज मागे पडला, नाव राहिले. त्याच शतकात अमेरिकेत सिल्वेस्टर ग्रॅहम नावाचा धर्मोपदेशक न चाळलेल्या पिठाचा प्रचार करत फिरत होता. त्याच्या नावाने पुढे जे ग्रॅहम क्रॅकर बाजारात आले, ते आज बरेचसे गोड आणि रिफाइंड पिठाचे असतात. साध्या धान्याचे नाव घेऊन गोड खाऊ विकायची रीत आपल्याकडे नव्याने आलेली नाही आणि आपल्यापुरतीही नाही.

"बेक्ड, तळलेले नाही" हे वाक्यही असेच. तळलेले नसेल, पण तेल पिठातच मळलेले असते. १०० ग्रॅममध्ये १५ ते २० ग्रॅम फॅट लिहिलेले क्रॅकर सहज सापडतात. "कोलेस्टेरॉल नाही" असे लिहिण्यात कंपनीचे कसलेच कर्तृत्व नाही, कारण वनस्पती तेलात ते नसतेच. पाहायचे ते सॅच्युरेटेड फॅट. यादीत पाम तेल वरच्या क्रमांकावर असेल तर तो आकडा वाढलेला दिसेल. ट्रान्स फॅटच्या बाबतीत मात्र खरी सुधारणा झाली आहे. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि जुन्या वनस्पती तुपाच्या काळाशी तुलना करता ही मोठी गोष्ट आहे. "साखर घातलेली नाही" हे वाचून मधुमेही निश्चिंत होतात, पण मैद्याचा स्टार्च पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतो. साखरेचा रकाना शून्य आणि कार्बोहायड्रेटचा सत्तर, अशा बिस्किटाने रक्तातली साखर वाढायची ती वाढतेच.

एक सोपी कसोटी आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये धान्यापासून बनवलेल्या ५४५ तयार पदार्थांची तपासणी करून अख्ख्या धान्याच्या वेगवेगळ्या खुणा पारखून पाहिल्या. अमेरिकेत पाकिटांवर "होल ग्रेन" असा एक शिक्का लावतात. तो असलेल्या पदार्थांत फायबर जास्त होते, पण साखर आणि उष्मांकही जास्त होते. सर्वांत भरवशाची ठरली ती साधी भागाकाराची खूण: कार्बोहायड्रेटला फायबरने भागा, उत्तर दहा किंवा त्याहून कमी यायला हवे. कार्बोहायड्रेट ६६ आणि फायबर ३ असेल तर उत्तर २२, पाकीट परत कप्प्यात. ६० आणि ८ असेल तर साडेसात, घ्यायला हरकत नाही. या कसोटीलाही एक पळवाट आहे. मैद्यात वेगळा कोंडा किंवा एखादे फायबर मिसळून आकडा सुधारता येतो. म्हणून आधी घटकांची यादी, मग भागाकार. आणि फायबरचा आकडाच नसेल तर? आपल्या नियमांत फायबर छापणे सक्तीचे नाही. त्याबद्दल दावा केला तरच छापावे लागते. ज्याच्याकडे सांगण्यासारखे असते तो सहसा सांगतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मिठाबद्दल लोक जवळजवळ बोलतच नाहीत, आणि खाऱ्या बिस्किटांत खरा धोका तोच. पाकिटावर मीठ लिहिलेले नसते, सोडियम लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियमची, म्हणजे ५ ग्रॅम मिठाची मर्यादा सांगितली आहे. समजा एका क्रॅकरमध्ये १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे. पाकिटावरचा "एक वाटा" चार क्रॅकरचा, त्यामुळे तिथला आकडा निरुपद्रवी दिसतो. पण क्रिकेटची मॅच बघताना ६० ग्रॅम सहज संपतात, आणि दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ चौथा हिस्सा तिथेच भरतो. लोणचे, पापड, आमटी हे सगळे अजून बाकीच. ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी फायबरच्या आधी सोडियम पाहावे.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग खायचे काय? त्याचे उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात कित्येक पिढ्यांपासून आहे. सोलापूरची कडक भाकरी. ज्वारीचे किंवा बाजरीचे पीठ, पाणी, मीठ, वर थोडे तीळ. बस. यंत्राला जी अडचण सुटली नाही ती तिथल्या बायकांनी हाताने सोडवली. पिठात गरम पाणी घातले की स्टार्च फुगून चिकट होतो आणि ग्लुटेनची उणीव भरून निघते. लाटायच्या ऐवजी थापायचे, म्हणजे ताण द्यावाच लागत नाही. मग तव्यावर भाजून मंद आचेवर सुकवत न्यायची, पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत. तेल नाही, साखर नाही, मैदा नाही, आणि कोरड्या डब्यात ती कितीतरी दिवस टिकते. सीमेपलीकडे विजयपूर, कलबुर्गी भागातही हीच रीत. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते उगाच नाही. पुण्यात सोलापुरी दुकानांत, बचत गटांच्या विक्रीत आणि डिसेंबरमधल्या भीमथडी जत्रेत कडक भाकरी मिळते. पाश्चात्त्य सुपरमार्केटमध्ये याच गुणांचा क्रॅकर नाजूक खोक्यात आणि भलत्या किमतीत विकला जातो, आणि आपले लोक परदेशातून येताना तो घेऊन येतात!

पण कडक भाकरीलाही देव्हाऱ्यात बसवू नये. बारीक दळलेले कुठलेही पीठ अख्ख्या दाण्यापेक्षा लवकर पचते, ज्वारीचेही. मधुमेह्याने ती मोजूनच खावी आणि बरोबर दही, उसळ, काकडी असे काही घ्यावे. शेंगाचटणीत तेल आणि मीठ भरपूर असते. भाकरी पथ्याची आणि चटणी वाटीभर, हा पथ्याचा प्रकार नव्हे. आता नव्याने आलेल्या "जिरा-मसाला", "पेरीपेरी" कडक भाकऱ्यांच्या पाकिटावर तेल आणि गव्हाचे पीठ आहे का तेही पाहावे, विशेषतः ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांनी. खाखऱ्यालाही हाच नियम. कणकेचा, कमी तेलाचा खाखरा उत्तम. "डाएट" लिहिलेला म्हणून उत्तम, असे नाही. खपली गव्हाच्या बिस्किटांचेही सध्या कौतुक चालले आहे. खपली चांगलीच आहे, आघारकर संशोधन संस्थेने तिच्या सुधारित वाणावर पुण्यातच काम केले आहे. पण तिच्यात ग्लुटेन असते, आणि प्रश्न पुन्हा तोच: पाकिटात ती किती टक्के?

हा प्रश्न दर वेळी गिऱ्हाइकानेच भिंग घेऊन सोडवावा अशी व्यवस्था असणे आम्हाला मान्य नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची १७ मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यातले शेवटचे सूत्र लेबल वाचण्याविषयी आहे. सल्ला योग्य आहे, पण लेबल वाचता येईल असे तर हवे. कायद्याने ते इंग्रजीत किंवा हिंदीत असले की पुरते. मराठी ऐच्छिक आहे. प्रत्यक्षात पुण्यात मिळणारी बहुतेक पाकिटे इंग्रजीत असतात, तीही मुंगीएवढ्या अक्षरांत आणि चकचकीत कागदावर. ज्यांनी ते वाचायची सर्वांत जास्त गरज, त्या साठीपुढच्या माणसांना ते वाचणे सर्वांत अवघड.

पाकिटाच्या पुढच्या बाजूला साखर, मीठ, चरबीचा इशारा छापण्याचा विषय देशात वर्षानुवर्षे रेंगाळतो आहे. एफएसएसएआयने २०२२ मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा आणला. तारे म्हणजे शाबासकी वाटेल, इशारा नाही, अशी टीका झाली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला शिफारशींसाठी तीन महिन्यांची मुदत दिली, पुढे ती वाढली. चिलीने २०१६ मध्येच काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. आपल्याकडे इशारा कोणत्या रूपात यावा यावर मतभेद असू शकतात. पण त्याची वाट न पाहता करता येईल अशी एक गोष्ट आहे: धान्याचे नाव समोर मोठ्या अक्षरांत छापायचे असेल, तर त्याच्या टक्केवारीचा आकडा त्याच आकाराच्या अक्षरांत, त्याच्या शेजारीच छापावा, आणि महाराष्ट्रात विकायच्या पाकिटावर तो मराठीतही असावा. आकडा आजही मागे छापावा लागतोच. त्याला फक्त पुढे आणायचे आहे. "नाचणी ६ टक्के" असे समोर लिहून कोणती कंपनी ते पाकीट विकू धजेल ते दिसेलच, आणि जिच्या पाकिटावर "ज्वारी ७० टक्के" येईल तिला जाहिरातीची गरज उरणार नाही.

तोवर घरातल्या घरात करण्यासारखे म्हणजे, रात्रीची उरलेली ज्वारीची भाकरी सकाळी फेकू किंवा फोडणीला टाकू नका. तव्यावर अगदी मंद आचेवर ठेवा, स्वच्छ फडक्याने दाबत दोन्ही बाजूंनी वाळू द्या. पंधरा-वीस मिनिटांत ती कडक होते. भाकरी जितकी पातळ थापलेली, तितके बरे. मीठ पिठात घालायलाच हवे असे नाही, रक्तदाब असेल तर मुळीच नको. तुकडे करून मुलांच्या डब्यात ताज्या टोमॅटोच्या कोशिंबिरीबरोबर चालतात, आणि ज्यांच्या दातांना ते जड जातात त्यांनी ताकात किंवा आमटीत कुस्करून घ्यावेत.